तांदूळ, पाणी आणि एक बटण

रविवार, ५ मार्च

ही डायरी दुकानात फुकट आली. मिक्सरच्या कंपनीची आहे, प्रत्येक पानाच्या तळाला एक मिक्सर छापलाय. शेठनी मला दिली, कारण त्यांच्याकडे लिहिण्यासारखं काही नाही. माझ्याकडेही नव्हतं. आजपासून आहे.

बाबा आज हॉस्पिटलमधून घरी आले. पोटाचं ऑपरेशन. अल्सर. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे फक्त मऊ भात, थोडा थोडा, वेळेवर. तेल नाही, तिखट नाही, बाहेरचं तर बघायचंसुद्धा नाही.

ताई त्यांना हॉस्पिटलमधून परस्पर तिच्या गावाला न्यायला निघाली होती. मी आडवा आलो. म्हटलं, मी आहे ना इथे. ती म्हणाली, तू आहेस म्हणूनच नेतेय.

बाबा छताकडे बघत पडले होते. मग म्हणाले, मला माझ्या घरात राहायचंय. माझी खिडकी, माझा रेडिओ. (त्या खिडकीतून बस डेपो दिसतो. बाबा तिथे जन्मभर टाइमकीपर होते. अजून गाडी उशिरा सुटली की इथून ड्रायव्हरला शिव्या घालतात. ड्रायव्हरला ऐकू जात नाही, पण बाबांना बरं वाटतं.)

शेवटी ताईने निकाल दिला. दोन आठवडे. १९ तारखेला ती येणार. तोवर बाबा नीट जेवले, अंगावर जरा मांस चढलं, तर राहतील इथेच. नाहीतर बाबा तिच्याकडे, घर भाड्याने, आणि तू तुझं बघ.

मी म्हटलं, भातच करायचाय ना? भात म्हणजे काय? तांदूळ आणि पाणी. बाकीचं काम गॅस करतो, आपण फक्त शेजारी उभं राहायचं.

संकल्प: दोन आठवडे एकही गंमत करायची नाही. (ताईला स्टेशनवर सोडताना तिच्या बॅगेत एक वीट टाकली. ती यात धरायची नाही. संकल्प घरी आल्यावर केला.)


सोमवार, ६ मार्च

आई गेल्यापासून भात बाबाच करायचे. मी कधी बघितलं नाही. भात होताना बघण्यासारखं असतं काय?

कुकर काढला. तांदूळ धुतले. किती वेळा धुवायचे हे जगात कोणालाच माहीत नाही, प्रत्येक जण ठोकून देतो. पाणी अंदाजाने. माझा अंदाज पक्का असतो. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं.

एक शिट्टी होईना. उभा राहिलो. मग बसलो. मग मोबाइल बघितला. कुकर आपला फुसफुसतोय, बोलत काही नाही. मग वास आला.

मग आठवलं. शिट्टी मागच्या महिन्यात मीच काढून लपवली होती, बाबांना शोधायला लावायचं म्हणून. कुठे लपवली ते आता मलाच आठवत नाही. म्हणजे गंमत किती पक्की जमली होती बघा. बाबा तेव्हापासून साध्या पातेल्यात भात करत होते म्हणे. एका शब्दाने बोलले नाहीत. मग मला कसं कळणार?

वरचा थर निघाला बरा. थोडा तपकिरी. ताट नेऊन दिलं. बाबांनी चमच्याने भात उचलून खाली बघितलं. म्हणाले, खाली काय आहे? म्हटलं, भात. म्हणाले, त्याच्या खाली? म्हटलं, ताट. म्हणाले, नक्की?

एकदा भाताखाली रबरी पाल ठेवली होती. एकदा. माणसं किती मनात ठेवतात.

चहात बिस्किटं बुडवून खाल्ली त्यांनी. पहिला दिवस आहे.


मंगळवार, ७ मार्च

चूक माझी नाही, गॅसची आहे. गॅस म्हणजे जुना जमाना. मी काम कुठे करतो? घरगुती उपकरणांच्या दुकानात. दोन वर्षं गिऱ्हाइकांना काय सांगतोय? तांदूळ टाका, पाणी टाका, बटण दाबा, विसरून जा. आणि स्वतःच्या घरी मात्र धूर. लाज वाटली.

डेमोचा राइस कुकर पिशवीत घालून घरी आणला. शेठना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नाही म्हणाले असते, मग दोघांनाही वाईट वाटलं असतं.

घरातल्या मोठ्या ग्लासने दोन ग्लास तांदूळ टाकले, भांड्यात दोनच्या रेघेपर्यंत पाणी. हिशोब बरोबर. दोनाला दोन. बटण दाबलं. आणि खरंच विसरलो.

दाणा मोकळा झाला. इतका मोकळा की ताट तिरकं केलं तर घरंगळत होता.

आता कळतंय, दोनची रेघ त्यांच्या सोबतच्या पिटुकल्या मापाची असते. ते माप दुकानातच राहिलं. मी नेहमी गिऱ्हाइकांना सांगतो, हे फेकून दिलंत तरी चालेल. कंपनीने लिहायला नको का मोठ्या अक्षरात? लिहिलंय म्हणे. पण कुठे, तर पुस्तिकेत. पुस्तिका कोण वाचतं?

बाबा म्हणाले, तू आधी खा. खाल्ला. कडकन आवाज आला. दात नव्हता, दाणाच होता. बाबा माझ्या तोंडाकडे बघत बसले. म्हटलं, आता कशाची वाट बघताय? म्हणाले, जीभ निळी होते का बघतोय.

ती शाई होती, आणि खाण्याच्या रंगाची होती, अपाय काहीच नव्हता. वर त्यांच्याच रिटायरमेंटच्या जेवणात होती, सगळे साहेब निळ्या जिभा घेऊन भाषणं करत होते. सगळे हसले होते. बाबा सोडून.


बुधवार, ८ मार्च

मोठा दिवस! ताट रिकामं!

सकाळी राइस कुकरमध्येच केला, पाणी वाढवलं. या वेळी जरा जास्तच वाढलं. भात ओतता येत होता. बाबांच्या उशाशी ठेवून कामावर गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर ताट लख्ख. म्हटलं, आवडला? म्हणाले, हो, संपला. बाबा एका वाक्यात दोन चांगले शब्द बोलले, असं याआधी कधी झालं होतं ते आठवत नाही.

खिडकीच्या कट्ट्यावर आज कबुतरं फार. ऋतू असेल.

समोरच्या शिवणवाल्या काकू जिन्यात भेटल्या. बाबांना बघून निघाल्या होत्या. हातात झाकणाचा डबा. म्हटलं, काकू, डब्यात काय? म्हणाल्या, सुई-दोरा. सुई-दोऱ्याला वाफ येत होती. बायकांच्या सामानातलं आपल्याला काय कळणार.


गुरुवार, ९ मार्च

आता हातखंडा झाला आहे. मग एकाच यंत्रावर का थांबायचं? आज मायक्रोवेव्ह. स्कूटरवर दोन पायांत धरून आणला, सिग्नलला एक हवालदार माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याला म्हटलं, भूक लागली तर वाटेतच गरम करून खातो. तो हसला नाही. सरकारी माणसं.

काचेच्या भांड्यात तांदूळ, पाणी, वीस मिनिटं, बटण. आतलं ताट गोल गोल फिरत होतं, बघायला छान वाटत होतं. तेवढ्यात दुकानातल्या दोस्ताचा फोन आला. मी त्याला सांगत होतो की स्वयंपाक ही बायकांनी उगाच अवघड करून ठेवलेली गोष्ट आहे, आणि मायक्रोवेव्हच्या दारातून पांढरा फेस बाहेर येत होता. साबणाच्या जाहिरातीत येतो तसा.

आत पेज, ताटावर पेज, ओट्यावर पेज. भांड्यात मात्र भात. म्हणजे होता थोडा. मधे कच्चा, कडेला चामडं. पण बाबांना कच्चं कुठलं कळतंय, सगळं कालवून दिलं.

संध्याकाळी ताट रिकामं. मला वाटतं माझ्या हाताला चव आली आहे.

शेठनी विचारलं, डेमोचा मायक्रोवेव्ह कुठे? म्हटलं, सर्व्हिसिंगला. खरंच आहे, घरी पुसतोच आहे.


शुक्रवार, १० मार्च

ताईचा फोन. आधी विटेवरून पाच मिनिटं. मग म्हणाली, बाबांचं वजन कर आणि कळव.

दुकानातून वजनकाटा आणला. बाबा कसेबसे उभे राहिले. आकडा कमी आला. काटा नवीन आहे, सरावायला वेळ लागतो. मी मागून पायाचा अंगठा जरा टेकवला. आकडा बरा आला. जरा जास्तच बरा आला, मग थोडा उचलला. ताईला कळवला. खोटं काही नाही, काट्यावर होता तोच सांगितला.

ताई म्हणाली, अरे वा. म्हणाली, खरंच?

खरंच या शब्दाचा मला राग येतो. आमच्या घरात मी काहीही सांगितलं की लोक आधी खरंच म्हणतात. हॉस्पिटलमध्येसुद्धा. ऑपरेशन झाल्यावर मी बाबांना सांगितलं की डॉक्टर त्यांची कात्री शोधतायत. त्यांचं मन हलकं करायला. नर्सने मला वॉर्डबाहेर काढलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसून आलं असणार.


शनिवार, ११ मार्च

दुकानात एक बाई इंडक्शन परत घेऊन आली. म्हणाली, तुम्ही सांगितलंत सगळी भांडी चालतात, माझं एकही चालत नाही. मी म्हटलं, बाई, भांड्यांत दोष असेल. ती शेठकडे गेली. शेठ तिच्याशी गोड बोलले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, नमुना. शेठ मला नमुनाच म्हणतात. आमच्या दुकानात नमुना म्हणजे डेमो पीस, त्यामुळे मी ते वाईट घेत नाही.

ते परत आलेलं इंडक्शन मी घरी आणलं. बाई खोटी ठरवायचीच. आपलं ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं, बटण दाबलं. टीं टीं टीं, बंद. पुन्हा दाबलं. टीं टीं टीं. अर्धा तास आमचं असंच बोलणं चाललं. पाणी होतं तसंच गार.

हरणारा माणूस नाही मी. सगळं उचलून इलेक्ट्रिक केटलमध्ये ओतलं. (तीही दुकानातली.) केटल उकळी आली की आपली आपण बंद होते, म्हणून तिच्या खटक्याला रबरबँड लावला. अशी डोकी परदेशात जन्मतात आणि श्रीमंत होतात. तासाभराने तळ काळा, मध्ये गोळा, तोटीतून दोन दोन दाणे बाहेर येतायत. भात चमच्याने काढता येईना. मग बत्त्याने काढला.

बाबांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, ठेव तिथे, सावकाश खातो.

रिकामं ताट! केटलचासुद्धा!


रविवार, १२ मार्च

एक आठवडा झाला. आढावा: बाबा रोज जेवतात, तक्रार शून्य. ज्या मुलाला ताई म्हणाली तुला पाणी उकळता येत नाही, त्याने पाच यंत्रांवर भात केला. पुस्तक लिहावं का? 'बटण दाबा, विसरून जा'. बायका रांग लावतील.

काकू आल्या होत्या, डबा घेऊन. म्हणाल्या, उद्यापासून आठवडाभर लेकीकडे जातेय, तिचं बाळंतपण. बाबांचा चेहरा एकदम उतरला. मी बघितलं. तर हे असं आहे! या वयात!

त्या गेल्यावर मी गुणगुणायला लागलो. बाबांनी रेडिओ मोठा केला. मग जिन्यात जाऊन काकूंना म्हटलं, बाबा म्हणतायत तुमच्याशिवाय जीव जाईल. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, तू भाताकडे लक्ष दे रे. नीट मऊ कर. पोटाला टाके आहेत त्यांच्या.

जळतात लोक.


मंगळवार, १४ मार्च

कालपासून ताट भरलेलं परत येतंय. काल दुपारचं भरलेलं, रात्रीचं भरलेलं, आजचंही. बाबांची भूक अचानक गेली. इतके दिवस माझ्या हातचं चाटूनपुसून खाणारा माणूस. हवा बदलली की होतं असं.

कबुतरंही कमी झाली.

दुकानात लफडं. मायक्रोवेव्ह मी गुपचूप जागेवर नेऊन ठेवला होता. शेठनी गिऱ्हाइकासमोर दार उघडलं. आतून आंबलेल्या पेजेचा वास. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून पंख्यांकडे गेलं. मग शेठनी राइस कुकर मागितला, केटल मागितली, इंडक्शन मागितलं. वजनकाटाही आठवला त्यांना. वय झालं तरी स्मरणशक्ती तल्लख आहे. म्हणाले, संध्याकाळपर्यंत सगळं आणून दे, आणि उद्यापासून गोदामात काम कर. गिऱ्हाइकाच्या नजरेस पडू नकोस.

म्हणजे अख्खं गोदाम माझ्या ताब्यात. बढतीच म्हणायची.


बुधवार, १५ मार्च

ताट भरलेलं. बाबा म्हणाले, भूक नाही. मग अर्ध्या तासाने म्हणाले, काकू कधी येणार म्हणाल्या?

बिस्किटं संपली होती. आणायची राहिली.


गुरुवार, १६ मार्च

बाबा झोपले होते. कबुतरांना हाकलायला खिडकी उघडली. कट्ट्यापर्यंत कधी जात नाही मी, ती बाबांची जागा. खाली छज्जा आहे.

छज्ज्यावर भात. सगळा. हा मागच्या मंगळवारचा, गारगोट्या, याला कबुतरांनी चोचही लावलेली नाही. हा बुधवारचा, वाळून पापुद्रा झालेला. हा मायक्रोवेव्हचा, चामडं. केटलचा गोळा तर आख्खा, बत्त्याच्या खुणांसकट. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. इथे शितं ओळखू येत होती, तारखेसकट.

बाबांना पक्ष्यांचं प्रेम आहे, हे मला माहीत नव्हतं.

आणि काकूंच्या सुई-दोऱ्याला वाफ का येत होती, तेही.

खिडकीच्या आवाजाने बाबा जागे झाले. मी छज्ज्याकडे बघतोय हे त्यांनी बघितलं. म्हणाले, ते मला पचत नव्हतं रे. तुला वाईट वाटेल म्हणून. मग उठायला गेले आणि पाय लटपटले. मी धरलं. काकू गेल्यापासून चार दिवस हा माणूस चहावर आहे. अंगाला धरल्यावर वजन कळलं. काटा लागला नाही.

ठीक आहे. तीन दिवस आहेत. तीन दिवसांत माणूस काय वाटेल ते करू शकतो.


शुक्रवार, १७ मार्च

घरात आता एकही यंत्र नाही. कुकरची शिट्टी सापडत नाही. राहिलं काय, तर बाबांचं जुनं पातेलं आणि गॅस.

गोदामात पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी राहिलो. तांदूळ धुतले, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. पाणी भरपूर घातलं. उकळी आली, गॅस बारीक केला. झाकण अर्धवट ठेवलं. मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवून आलो. आणि तिथेच उभा राहिलो. दुसरं काही केलं नाही. एवढा वेळ एका जागी मी शाळेतसुद्धा उभा राहिलो नव्हतो, आणि शाळेत मला रोज उभं करायचे. पाणी कमी झालं तर गरम पाणी घातलं. एक शीत काढून दोन बोटांत दाबलं. मध्ये कणी होती. पुन्हा उभा राहिलो. पुन्हा एक दाबलं. मेणासारखं झालं.

झाकण उघडलं तेव्हा जो वास आला, तो आई असताना यायचा. मी काही रडका नाही. वाफ डोळ्यांत जाते.

बरोबर एकच्या ठोक्याला ताट नेलं. बाबांना सगळं वेळेवर लागतं, उशीर चालत नाही. पांढरा, मऊ, चमच्याने दाबला तर विरघळेल असा. बाबांनी वास घेतला. नुसता वास घेतला तरी त्यांच्या गळ्याची घाटी हलली. म्हणाले, हा तू केलास? म्हटलं, हो. म्हणाले, काय घातलंस यात? म्हटलं, काही नाही. म्हणाले, मग इतका चांगला कसा? म्हटलं, खरंच काही नाही बाबा, तांदूळ आणि पाणी. बाबा हळू आवाजात म्हणाले, मला थट्टा झेपत नाही रे आता. तू आधी खा.

मी खाल्ला. चांगला होता. माझ्या आयुष्यात मी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट होती ती. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, चमचा हातात तयार धरलेला. भुकेला माणूस कसा बघतो ते मी पहिल्यांदा बघितलं. आता मी नुसतं म्हणायचं होतं, खा बाबा.

पण असा चान्स पुन्हा आला असता का?

राहवलं नाही. मी गळा धरला, डोळे फिरवले, आणि कॉटच्या बाजूला धाडकन पडलो. जीभ बाहेर. एक नंबर पडलो. कोणीही फसला असता.

बाबा हसले नाहीत. ओरडले. अरे, अरे, म्हणून. आणि कॉटवरून खाली उतरायला गेले. टाक्यांसकट. एक हात पोटावर, दुसरा माझ्या डोक्यापर्यंत आला. मी म्हटलं, भॉक!

बाबा बराच वेळ जमिनीवरच बसून राहिले. मग मी त्यांना उचलून वर निजवलं. ते भिंतीकडे वळले. ताट तिथेच. थोड्या वेळाने म्हटलं, बाबा, भात निवतोय. म्हणाले, कबुतरांना घाल.

टायमिंग जरा चुकलं. जेवण झाल्यावर करायला हवं होतं.


शनिवार, १८ मार्च

पुन्हा पातेल्यात केला. पुन्हा चांगला झाला. म्हणजे काल नशीब नव्हतं, मला आता येतो.

बाबा म्हणाले, नको. उद्या ताई येतेय ना. तिच्या हातचं खाईन.

म्हटलं, शपथ घेतो, यात काही नाही. म्हणाले, कोणाची? मी विचार करत होतो कोणाची घ्यावी म्हणजे त्यांना पटेल. तेवढ्यात त्यांनी डोळे मिटले.

जाऊन बिस्किटं आणली. पाकीट फोडलेलं नाही ना, हे त्यांनी दोन्ही बाजूंनी बघितलं, मग खाल्ली.


रविवार, १९ मार्च

ताई सकाळच्या गाडीने. दारातच बाबांकडे बघून थांबली. पिशवी खाली ठेवायलाही विसरली. मी लगेच बोलायला लागलो. ऑपरेशननंतर माणूस आधी उतरतो मग भरतो, आकडे बघ, शुक्रवारी तर असा भात झाला होता की. ती म्हणाली, गप्प बस.

मग बाबांजवळ बसून विचारलं, बाबा, तुम्ही सांगा. इथे राहायचंय की माझ्याकडे यायचंय? तुम्ही म्हणाल तसं.

मी बाबांकडे बघितलं. मला खात्री होती. त्यांची खिडकी, त्यांचा रेडिओ, त्यांचा डेपो. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनीच तर सांगितलं होतं.

बाबा खिडकीकडे बघत होते. एक गाडी सुटत होती, उशिरा. ते काही बोलले नाहीत तिला. मग ताईला म्हणाले, भूक लागते गं.

एवढंच.

ताईने पंधरा मिनिटांत भात केला. बाबांनी भाताखाली बघितलं नाही, कोणाला आधी खा म्हटलं नाही. दोनदा घेतला. मीही चाखला. जरा चिकट होता. माझा जास्त चांगला होता.

दुपारच्या गाडीने गेले. टॅक्सीत बसवताना मी म्हटलं, बाबा, हवापालट म्हणून बरंच आहे. मीच सुचवणार होतो. ते म्हणाले, सांभाळून राहा. घर महिनाअखेरीला भाड्याने जाणार. गोदामात शेठच्या परवानगीने झोपता येईल असं वाटतंय. परवानगी मागायची आहे.

संध्याकाळी घरी कोणाची गंमत करायची ते सुचेना. लवकर झोपलो.


गुरुवार, २३ मार्च

ताईला फोन केला. ती म्हणाली, बाबा छान आहेत, दोन्ही वेळा जेवतात, टाके काल काढले. मग म्हणाली, काही काम होतं?

मी म्हटलं, बाबांना एक सांग. शुक्रवारचा भात खरंच चांगला होता. त्यात काही घातलं नव्हतं. मी फक्त उभा राहिलो होतो.

तिने फोन बाजूला धरून त्यांना सांगितलं, जसंच्या तसं. मग बाबांचा आवाज आला, त्याला म्हणावं, आता ही कुठली नवी गंमत?

आणि ताई हसली. मग बाबाही. पोटाला हात लावून हसत असणार, दुखत दुखत, पण मोठ्याने. इतकी वर्षं मी जिवाचं रान केलं, बाबांना असं हसताना मी ऐकलं नव्हतं.

मला सांगायचं होतं की या वेळी गंमत नाही. पण दोघं एवढी हसत होती की म्हटलं, राहू दे.